चौघांची एक संध्याकाळ: नव्या नृत्यरचनांचा कार्यक्रम पहिल्यांदा उभा करताना

तुमच्याकडे पंधरा मिनिटांची रचना तयार आहे. तेवढ्यावर पूर्ण संध्याकाळ भरत नाही आणि एखाद्या महोत्सवात निवड होईल म्हणून वर्षभर थांबायची तुमची तयारी नाही. शहरात तुमच्यासारखे आणखी तिघं आहेत: एक कथकमधून बाहेर पडून वेगळं काही शोधणारी, एक हिपहॉपमधून आलेला, एक परदेशात शिकून परतलेली. चौघांनी मिळून हॉल घ्यायचा, तिकीट लावायचं आणि चार नव्या रचना एकाच संध्याकाळी दाखवायच्या. पाठीशी संस्था नसलेल्या कोरिओग्राफरसाठी माझ्या मते हाच सगळ्यात खात्रीचा रस्ता आहे. तो नवाही नाही. ६ जुलै १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये रॉबर्ट डन यांच्या नृत्यरचनेच्या कार्यशाळेतल्या मंडळींनी असंच केलं. चौदा जणांच्या तेवीस रचना, प्रवेश मोफत. त्या संध्याकाळपासून आधुनिक नृत्याची दिशा बदलली असं आज मानतात. आपल्याकडे १९८४ मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात ‘ईस्ट-वेस्ट डान्स एन्काउंटर’ हे भारतीय आणि पाश्चात्त्य नर्तकांचं संमेलन झालं. बरीच वर्षं नृत्यापासून लांब राहिलेल्या भरतनाट्यम नर्तकी चंद्रलेखा तिथे परतल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ‘अंगिका’ ही रचना केली. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्यांना एकाच मंचावर शेजारी उभं केलं की पाहणाऱ्यांचे आणि करणाऱ्यांचेही डोळे उघडतात.

पण शेजारी उभं करणं हेही एक काम आहे. प्रत्येक रचना स्वतंत्रपणे दिसायला हवी, आधीच्या रचनेचं ओझं तिच्यावर यायला नको. पुढचं सगळं त्यासाठी.

आधी माणसं, मग तारीख

चार रचना पुरे. पाचवी घ्यायचा मोह होतो, कारण कोणीतरी मित्र राहून जातो. त्याला पुढच्या वेळी घ्या. प्रत्येकी १२ ते १८ मिनिटं धरली तर मधले बदल मिळून कार्यक्रम सव्वा ते दीड तासात आटोपतो. नव्या कामाकडे प्रेक्षक पूर्ण लक्ष देऊन एवढाच वेळ पाहू शकतो.

चौघांपैकी कोणीही स्टेज मॅनेजर होऊ नका. नाचणाऱ्या माणसाला त्या दिवशी तेवढंच करू द्या. मराठी प्रायोगिक रंगभूमीवर बॅकस्टेज सांभाळण्यात तयार झालेली माणसं प्रत्येक शहरात सापडतात. त्यांतल्या एकाला किंवा एकीला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या आणि मानधन आधी ठरवा. त्या दिवशी मंचावर शेवटचा शब्द त्या व्यक्तीचा राहील, हेही तेव्हाच मान्य करून टाका.

मग एक पानभर करार लिहा. मैत्री असली तरी लिहा. कोणाला किती मिनिटं, हॉल-लाइट-टेम्पोचा खर्च कसा वाटायचा, तिकिटाचे पैसे कसे वाटायचे, तोटा झाला तर कोणी किती सोसायचा, व्हिडिओ कोणाच्या मालकीचा. सोलो करणारी आणि सहा नर्तक आणणारा यांनी खर्च सारखा उचलायचा का, यावर आत्ताच बोला. प्रयोगानंतर या विषयावर शांतपणे बोलणं जमत नाही.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना ‘नाट्यकृती’च्या व्याख्येत येते, मात्र ती लेखी किंवा अन्य रूपात नोंदलेली असावी लागते. म्हणून तालमीच्या वहीत रचनेचा क्रम, जागांच्या आकृत्या आणि तारखा लिहून ठेवा, सोबत व्हिडिओही ठेवा. वही पुढे रचना पुन्हा बसवतानाही उपयोगी पडते.

जागा

मोठ्या नाट्यगृहात हजार खुर्च्या, उंच रंगमंच, खोल विंगा. नाटकासाठी हे उत्तम. पण समकालीन नृत्यात बरंचसं काम जमिनीवर होतं, लोळत, सरपटत, बसून. उंच मंचापुढे पहिल्या काही रांगांत बसणाऱ्याला ते अर्धंच दिसतं. त्यामुळे सपाट जमीन आणि वर चढत जाणाऱ्या खुर्च्या अशी लहान जागा शोधा. मुंबईत एनसीपीएचं एक्सपेरिमेंटल थिएटर किंवा महालक्ष्मीचं जी-फाइव्ह-ए, पुण्यात शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच किंवा द बॉक्स, अशा जागा डोळ्यांसमोर ठेवा. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात. तिथे तारीख मिळाली तर चौघांनाही आपापल्या रचनेची ‘समोरची बाजू’ पुन्हा ठरवावी लागेल. त्यात रचनेचा फायदाच होतो, पण तालमीसाठी दोन आठवडे जास्त धरा.

जागा पाहायला जाताना मोजपट्टी घेऊन जा. विंगांच्या मधली रुंदी आणि मागच्या पडद्यापर्यंतची खोली स्वतः मोजा, कारण ऑफिसातून सांगितला जाणारा आकडा अनेकदा पूर्ण रंगमंचाचा असतो, नाचता येईल अशा जागेचा नसतो. तेवढा चौकोन तालमीच्या खोलीत टेपने आखा आणि त्यातच तालीम करा. सामान आत आणायची वेळ, एसी कधीपासून चालू होणार, वीज किती मिळणार, हेही विचारून घ्या. महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. तुमच्या एखाद्या रचनेत बोललेला मजकूर असेल तर तारीख घेतानाच व्यवस्थापकांना त्याबद्दल विचारा.

जमीन

पैसे कमी पडले तर लाइट कमी करा, पोस्टर छापू नका, कपडे घरचे वापरा. जमिनीवर मात्र काटकसर करू नका. नर्तकाचे गुडघे, कंबर आणि घोटे यांचा पुढच्या वीस वर्षांचा हिशोब इथे होतो.

सगळ्यात वाईट जमीन म्हणजे थेट काँक्रीट किंवा त्यावर चिकटवलेली फरशी. वर कितीही सुंदर मॅट घातली तरी उडी मारल्यावर धक्का पायातच परत येतो. लाकडी फळ्यांखाली पोकळी असलेला मंच बरा, खाली लवचीक आधार असलेली जमीन उत्तम. काँक्रीटच मिळत असेल तर रचनाकारांना आधीच सांगा आणि उड्या काढून टाका. हा निर्णय प्रयोगाच्या दिवशी घ्यायचा नाही.

लाकडी मंचावर वर काय अंथरायचं? व्हिनाइलचे डान्स मॅट, ज्याला सगळे ‘मार्ली’ म्हणतात. दीड ते दोन मीटर रुंदीचे रोल शेजारीशेजारी पसरतात आणि सांध्यांवर टेप मारतात. हे रोल भाड्याने मिळतात. आणताना ते नळकांड्यावर गुंडाळूनच आणा, घडी घालू नका. एकदा पडलेली घडी जात नाही आणि तिथे पाय अडतो. मॅट प्रयोगाच्या आदल्या रात्री किंवा निदान पहाटे पसरा, म्हणजे अंगच्या वळणाने वर उचललेल्या कडा खाली बसतात. आधी रोल पसरून तासभर सोडा, मग ओढून ताण द्या आणि शेवटी टेप. टेप घाईने मारला तर दुपारपर्यंत मधोमध फुगा येतो.

मॅटच्या आधी मंच तपासायचा. आपल्या नाट्यगृहांच्या मंचावर रोज सेट ठोकले जातात आणि उखडले जातात. फळ्यांच्या फटीत मोडके खिळे, स्क्रू, टाचण्या, स्टेपलच्या पिना राहतात. झाडून त्या निघत नाहीत. काठीला जाड चुंबक बांधून तो सगळ्या मंचावरून फिरवा. मग चौघं-पाच जण एका रांगेत गुडघ्यांवर बसा आणि तळहात जमिनीला टेकवून विंगेपासून विंगेपर्यंत सरकत जा. डोळ्यांना न दिसणारं टोक तळहाताला लागतं. मिळेल त्या ठिकाणी खडूने खूण करा, हातोडीने ठोकून बसवा किंवा पक्कडीने ओढून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. नर्तकांनाही यात सामील करा, म्हणजे अनवाणी उतरताना त्यांच्या मनात शंका राहत नाही.

पुसताना स्वच्छ पाणी आणि नीट पिळलेलं फडकं, बाकी काही नाही. फिनेल किंवा साबणाचं पाणी मॅटवर गेलं की ती घसरते. टाल्कम पावडर आणि केसांचा स्प्रे मंचापासून लांब, मेकअप रूममध्येच.

आणि कथकवाली? तिच्या रचनेत घुंगरू आणि तत्कार (कथकमधलं पायांचं तालकाम) असेल तर व्हिनाइलवर पायाचा आवाज बसतो, तिला कोरं लाकूड हवं असतं. हे बहुतेक वेळा प्रयोगाच्या दिवशी लक्षात येतं. पहिल्या बैठकीत विचारा. मॅट काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणजे मध्यंतर तिच्या रचनेच्या आधी येईल आणि ती शेवटी जाईल. कार्यक्रमाचा क्रम असा जमिनीवरून ठरायला सुरुवात होते.

क्रम लावणं

क्रम ठरवताना ‘सगळ्यात चांगली रचना शेवटी’ हा हिशोब डोक्यातून काढून टाका. त्यावरून भांडणं होतात आणि प्रेक्षकाला त्याचा काही उपयोग नसतो.

आधी व्यवहाराच्या अटी लिहा. ज्या रचनेत पाणी, माती, पीठ, फुलं जमिनीवर पडतात ती शेवटी किंवा मध्यंतरापूर्वी. जिला सामान मांडावं लागतं ती पहिली किंवा मध्यंतरानंतरची. एकच नर्तक दोन रचनांत असेल तर मध्ये एक रचना हवी. एवढं लिहिलं की चार जागांपैकी दोन-तीन आपोआप भरतात. उरलेल्यांसाठी कान आणि डोळे वापरा. दोन संथ रचना पाठोपाठ आल्या तर दुसरीला अन्याय होतो. मोठ्या आवाजानंतर शांत रचना ठेवता येते, मात्र मध्ये पूर्ण दोन मिनिटं द्या, कानांना वेळ लागतो.

हे मधले बदल तालमीत बसवा. कोण झाडू घेऊन येणार, कोण खुर्ची उचलणार, किती उजेडात. पूर्ण अंधारात धडपड करण्यापेक्षा मंद निळ्या उजेडात काळ्या कपड्यांतली दोन माणसं नीटनेटकी कामं करताना दिसली तर प्रेक्षक आनंदाने पाहतो. दोन रचनांच्या मधे निवेदन नको. निवेदकाचं कौतुकाचं एक वाक्यसुद्धा पुढच्या नर्तकाच्या पहिल्या हालचालीला झाकतं.

तीन आठवडे आधी दाखवून घ्या

चौघांनी एकमेकांच्या रचना प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा पाहू नयेत. तीन आठवडे आधी एक रविवार काढा, आणखी चार-पाच विश्वासू माणसं बोलवा आणि जशा असतील तशा रचना दाखवा. प्रतिक्रिया कशा घ्यायच्या यासाठी अमेरिकन कोरिओग्राफर लिझ लर्मन यांनी मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत मला फार उपयोगाची वाटते. आधी पाहणाऱ्यांनी आपल्याला काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग रचनाकाराने प्रश्न विचारायचे. मग पाहणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण ज्यांत मत दडलेलं नाही असे. ‘इतकं लांब का ठेवलंय?’ हा प्रश्न नव्हे, ते मत आहे. ‘त्या भागाची लांबी कशी ठरवली?’ हा प्रश्न. सगळ्यात शेवटी, रचनाकाराची परवानगी घेऊन, मतं.

आपल्याकडे गुरूसमोर दाखवायची सवय असते, त्यामुळे पहिल्यांदा हे सगळं अवघडल्यासारखं वाटतं. एकदा करून पाहा. रचनेत खरोखर बदल करता येतील असा हा शेवटचा वेळ असतो.

संगीत

तिकीट लावून रेकॉर्ड केलेलं संगीत वाजवायचं तर परवानगी लागते, आणि हक्क दोन असतात: गीत-संगीताचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पहिल्यासाठी आयपीआरएस, दुसऱ्यासाठी पीपीएल (दोन्ही असे परवाने देणाऱ्या संस्था) किंवा ती संगीत कंपनी. चौघांची यादी एकत्र करून महिनाभर आधी विचारणा करा. याहून चांगला मार्ग म्हणजे शहरातल्या तरुण संगीतकाराला सोबत घेणं. किंवा शांतता. अमेरिकन कोरिओग्राफर मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी नृत्य आणि संगीत वेगवेगळं तयार केलं, नर्तकांनी कित्येकदा ते संगीत पहिल्या प्रयोगातच ऐकलं. संगीताचं बोट धरून चालायलाच हवं असं नाही, एवढं त्यांच्याकडून घ्या.

फाइल डब्ल्यूएव्ही (WAV) प्रकारची, दोन पेन ड्राइव्हवर, नाव ‘१ – रचनेचं नाव – भाग १’ असं. फोनवरून ब्लूटूथने वाजवू नका, मध्येच कॉल येतो. मंचाच्या बाजूला नर्तकांसाठी एक स्पीकर हवाच, प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा आवाज मागे उभ्या माणसाला उशिरा आणि अस्पष्ट येतो.

प्रकाश

समोरून सपाट उजेड टाकला की चेहरा दिसतो आणि शरीर चपटं होतं. नृत्याला उजेड बाजूने हवा. अमेरिकन कोरिओग्राफर मार्था ग्रॅहम यांच्यासोबत काम केलेल्या प्रकाशयोजनाकार जीन रोझेन्थल यांनी हे तंत्र पक्कं केलं आणि जगभर आजही तेच चालतं. विंगेत उभे स्टँड, त्यावर तीन उंचींना दिवे: नडगीपाशी, कमरेपाशी, डोक्याच्या वर. खालचा दिवा जमिनीला न शिवता शरीर उचलून धरतो, नर्तक जणू तरंगतो. छोट्या हॉलमध्ये प्रत्येक बाजूला दोन स्टँड मिळाले तरी खूप झालं.

चार रचनांना चार वेगवेगळ्या प्रकाशयोजना परवडत नाहीत. एकच समाईक मांडणी ठरवा आणि प्रत्येकाला एक खास दिवा द्या. उरलेलं टक्केवारीत आणि वेळेत सांभाळा. क्यू, म्हणजे दिवे कधी आणि कसे बदलायचे त्याच्या सूचना, अशा भाषेत लिहा की नृत्य न समजणाऱ्या माणसालाही चालवता येईल:

क्यू ७. खूण: ती डावा तळहात जमिनीला टेकवते. काय: उजव्या बाजूचे खालचे दिवे ६० टक्के, बाकी सगळं शून्य. वेळ: ८ सेकंद.

‘मूड बदलतो तेव्हा’ असं लिहू नका. मूड ऑपरेटरला दिसत नाही, तळहात दिसतो.

प्रयोगाचा दिवस

नाट्यगृह सत्रावर, म्हणजे दिवसातल्या ठरावीक तासांसाठी मिळतं, आणि एका सत्रात चार रचनांचं तांत्रिक काम होत नाही. पैसे जमवून दोन सत्रं घ्या. सकाळी मंच तपासणं, मॅट, दिवे लावणं. मग प्रत्येक रचनेला ४५ मिनिटं, शेवटच्या रचनेपासून उलट क्रमाने, म्हणजे सगळ्यात शेवटी पहिल्या रचनेची मांडणी तयार राहते आणि तशीच ठेवता येते. या ४५ मिनिटांत पूर्ण नाचायचं नाही. जागा पाहायच्या, प्रत्येक क्यू चालवून पाहायचा, सुरुवात आणि शेवट दोनदा करायचा. मंचाचा मध्यबिंदू आणि पावबिंदू (मध्य आणि कड यांच्या बरोबर मधले) टेपने खुणावा, अंधारात प्रवेश असेल तिथे चमकणारी टेप लावा.

जेवण वेळेवर आणि सगळ्यांना, लाइटवाल्या मुलांनाही. एसी नर्तक गरम व्हायच्या आधी कमी करायला सांगा, थंड पडलेले स्नायू दुखावतात. प्रेक्षक आत सोडायच्या अर्धा तास आधी मंच रिकामा, पुसलेला, आणि त्यावर कोणीही चपला घालून चालणार नाही. पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा. तिसरीनंतर उशिरा आलेल्यांना पहिली रचना संपेपर्यंत बाहेर थांबवा. चार रचनांच्या कार्यक्रमाची हीच सोय आहे, कोणाला परत पाठवावं लागत नाही. दारावर उभ्या असलेल्याला हे नम्रपणे सांगायचं वाक्य आधीच शिकवा.

प्रेक्षक

आपला प्रेक्षक नाटकातून येतो. गोष्ट शोधतो, आणि ती सापडली नाही की आपल्यालाच कळलं नाही असं समजून गप्प होतो. त्याला माहितीपत्रकातून आत घ्या. ‘ही रचना अस्तित्वाच्या अनंत शोधाचा, स्त्रीत्वाच्या अंतरंगाचा वेध घेते’ या वाक्याने कोणालाही काही दिसत नाही. त्याऐवजी: ‘दोघी जणी पंधरा मिनिटं एकमेकींचा आधार न सोडता चालतात. माझी आजी पडल्यानंतर तिला धरून चालवताना ही रचना सुचली. संगीत नाही, श्वास ऐकू येतील.’ प्रेक्षकाला कुठे पाहायचं ते कळतं, अर्थ त्याचा तो लावतो. साठ शब्द पुरे. नर्तकांची नावं रचनाकाराच्या नावाएवढ्याच अक्षरांत छापा.

तिकीट पाचशेच्या आत ठेवा. नृत्य-नाट्याच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही. विद्यार्थ्यांसाठी वेगळा दर ठेवा. पण सगळं मोफत करू नका, निदान एकदा तरी लोकांना नव्या नृत्यासाठी खिशात हात घालू द्या.

कार्यक्रमानंतर वीस मिनिटं गप्पा ठेवा. कोणीतरी विचारेलच: ‘याचा अर्थ काय?’ हसू नका आणि लांबलचक उत्तरही देऊ नका. ‘तुम्हाला कोणता क्षण आठवतोय?’ असं विचारा. तो क्षण कसा तयार झाला, किती वेळा बदलला, ते सांगा. बहुतेक जणांना खरं तर तेच ऐकायचं असतं.

पडदा पडल्यावर

सत्र संपायची वेळ पाळा, नाहीतर पुढच्या तारखेला ऑफिस आठवण काढेल. मॅटवरचा टेप काढा, मॅट पुसून, कोरडी करून, नाचायची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. व्हिडिओ त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी करा. ध्वनी आणि प्रकाश सांभाळणाऱ्यांचे, टेम्पोवाल्याचे, मदतनीसांचे पैसे त्याच दिवशी द्या, उरेल ते करारानुसार वाटा आणि हिशोबाचा कागद चौघांना पाठवा. दुसऱ्या दिवशी कोणीही काही ठरवू नका, नुसतं झोपा. आठवड्याने पुन्हा भेटा, व्हिडिओ एकत्र पाहा आणि चेन्नईच्या प्रकृती फाउंडेशनच्या कंटेम्पररी डान्स पुरस्कारासारख्या ठिकाणी अर्ज कधी सुटतात ते पाहून ठेवा. तिथे पहिला प्रश्न व्हिडिओबद्दलच येतो, आणि तो तुमच्याकडे आता आहे.